डावी कड

पोरीला कडेवर घेतलं की मला मरण यायचं. हे वाक्य मी त्या काळात ज्यांच्या ज्यांच्यापुढे बोलले, त्या सगळ्यांनी माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. बाई पोटच्या पोरीबद्दल असं बोलते म्हणजे एक तर ती वेडी असणार, नाही तर नालायक. मी दोन्ही नव्हते. माझ्या डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी छोटी ग्रंथी असते तिच्यात गाठ झाली होती, आणि ती गाठ मला ठार मारायला निघाली होती.

हे लिहितेय ते ज्यांना असलं काही झालंय त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. डॉक्टरी माहिती पुस्तकांत मिळेल. मला फक्त माझ्या अंगावर काय आलं तेवढं माहीत आहे. मी मुळात तापट आहे, तेव्हा गोड करून सांगणं जमणार नाही.

नवा जिल्हा, कोरडी तोटी

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादच्या कचेरीतून टेबलं, कपाटं, फायलींचे गठ्ठे ट्रकांत भरून येत होते. त्यांच्यासोबत आमचे यशवंतरावही आले. कारकून माणूस, बदलीचा हुकूम हातात पडला की निघायचं. मागोमाग मी सुजाताला घेऊन आले. ती तेव्हा दुडुदुडु पळायला आणि मोडकंतोडकं बोलायला लागली होती.

माझं माहेर नांदेडचं, वडील रेल्वेत, क्वार्टरच्या दारात नळ. लातुरात दोन खोल्या मिळाल्या, मोरीत तोटीही होती, पण ती उघडली की नुसता वारा यायचा. त्या वर्षी पावसानं दगा दिला तो दिलाच. कचेरीच्या फाटकावर जिल्ह्याची नवी पाटी झळकत होती आणि आमच्या गल्लीत माणसं टँकरची वाट बघत रस्त्यावर बसून राहायची. जिल्हा झालो, आता तहानही जिल्ह्याची लागते, असं यशवंतराव म्हणायचे. मला हसू यायचं नाही, कारण कळशी मी उचलायची.

कळशी आपण बाया कुठं घेतो? डाव्या कडेवर. उजवा हात मोकळा लागतो, दार उघडायला, पदर सावरायला, दुसऱ्या बाईला ढकलायला. पोरही तिथंच. मी कधी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. चालताना कुठला पाय आधी पडतो याचा कोण विचार करतो?

पहिला झटका कळशी घेऊन पायऱ्या चढताना आला. छातीत कुणीतरी आतून लाथा घालायला लागलं. मानेच्या शिरा ताडताड उडू लागल्या, डोकं मागच्या बाजूनं फुटतंय असं वाटलं. अंगातून घामाच्या धारा आणि हातपाय मात्र थंडगार. चेहरा पांढराफटक पडायचा असं बघणारे सांगायचे. पण या सगळ्याहून वाईट होती ती भीती. कशाची भीती, असं विचारू नका. आत्ता, या पायरीवर, मी मरणार, एवढंच डोक्यात असायचं. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि मी पायरीवर भिजून बसलेली असायचे. कळशी खाली घरंगळलेली, पाणी मातीत गेलेलं. खरं सांगते, पाणी गेल्याचंच दुःख आधी व्हायचं.

मग ते वरचेवर येऊ लागलं. माझा स्वभाव आधीच आगीचा, त्यात हे तेल पडलं. एकदा टँकरपाशी शेजारच्या गोदाबाई मध्ये घुसल्या आणि त्यांचं कोपर माझ्या डाव्या बरगडीखाली जोरात बसलं. क्षणात छातीत लाथा सुरू झाल्या. मला एवढंच आठवतं की माझ्या हातात पितळी कळशी होती आणि ती मी गरकन फिरवली. ती त्यांच्या खांद्यावर बसली. डोक्यावर बसली असती तर मी हे लिहायला कुठं असते कोण जाणे. गोदाबाई कोसळल्या, त्यांच्या शेजारी मीही कोसळले, आणि बाकीच्या बायांनी आम्हां दोघींना ओलांडून आपापल्या कळश्या भरून घेतल्या.

सुजाता

आता जे सांगायचं ते लिहिताना आजही हात जड होतो.

सुजाता रडत होती, मी तिला उचलून कडेवर घेतलं. ती अंग टाकून रडणारी पोर, पाय झाडायची. तिची टाच माझ्या कुशीत आत रुतली. मी तिला खाली ठेवायला वाकले, आणि वाकल्यावर ते दुप्पट जोरानं उसळलं. डोळ्यांसमोर पांढरं झालं. मी तिला ठेवलं नाही, ती माझ्या हातून फेकली गेली. उंबऱ्याच्या कोपऱ्यावर तिची भुवई फुटली.

यशवंतराव कचेरीतून नुकतेच आले होते, बूटही काढले नव्हते. त्यांनी रक्तानं माखलेली पोर पाहिली, भिंतीला टेकून थरथरणारी मी पाहिली, आणि माझ्या तोंडात मारली. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. दुसऱ्यांदा हात आला तेव्हा मी तो दातांत धरला. रक्त येईपर्यंत सोडला नाही. सुजाता किंचाळायची थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली. त्या वयाच्या पोरांना काही कळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तिचे तेव्हाचे डोळे बघायला हवे होते.

भुवईला टाके पडले. मला एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून पारा पाहिला, अगदी नॉर्मल. झटका नसताना तो नॉर्मलच असायचा, ही या आजाराची बदमाशी आहे. डॉक्टर यशवंतरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "टेन्शन आहे. पहिलटकरणीचं होतं असं. माहेरी पाठवा थोडे दिवस."

घरी आल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नांदेडला जाऊन राहा. पोर इथंच राहील. आई येतेय सांभाळायला."

"किती दिवस?"

"बरी होईस्तोवर."

काय बरं व्हायचं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे पोर गेलीच, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी म्हणाले, "मी जाणार नाही. ओढून न्या." झटक्यापेक्षा मोठी भीती मला त्या दिवशी समजली.

बेंबी

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, उदगीरजवळच्या खेड्यातून आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. आल्या आल्या सुजाताला ताब्यात घेतलं आणि तिला पहिला धडा दिला, "मायच्या कडेवर जायाचं न्हाई. माय टाकती." पोर शहाणी होती, एकदाच सांगावं लागलं. मी हात पुढे केला की ती आजीच्या निऱ्यांमागे जायची.

दोन-चार दिवसांत आत्याबाईंनी माझा एक झटका डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात गोदाबाईही खांद्याला हळद बांधून दारात उभ्या. म्हणाल्या, "मावशे, सुनंच्या अंगात देवी येऊन राहिली. घाम बघ, कापणं बघ. परडी दे हातात, मळवट भर, शांत हुईल."

आत्याबाईंनी कोपऱ्यातला खराटा उचलला. "आमच्या घरातली देवी धम्मदीक्षेच्या सालीच गेली. माझ्या सासऱ्यानं देव्हारा हिरीत टाकला, तो काढाया मी लातूरला आले न्हाई. हो भाईर."

खराटा गोदाबाईंच्या पायांवर बसला आणि त्या शिव्या देत पळाल्या. त्या क्षणी मला आत्याबाईंचा जो अभिमान वाटला, तो मी नाकारणार नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंगारे-धुपारे झाले, त्या घरातली निरक्षर बाई ठामपणे सांगत होती की हा आजार आहे, देवी नव्हे. इथपर्यंत सगळ्या शहरात तीच एकटी बरोबर होती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अंगात बिंगात काय न्हाई. बेंबी सरकलीय हिची. कळश्या उचलू उचलू."

बेंबी सरकणं म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे नसेल त्यांना सांगते. जड उचललं की बेंबीखालची धडधड जागेवरून हलते आणि मग माणसाला चैन पडत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानतात. ती बोटांनी दाबून, चोळून परत जागेवर आणतात. आत्याबाईंचा त्यात हातखंडा होता. त्यांच्या गावात दिवस उजाडला की कुणी ना कुणी रिकाम्या पोटी ओसरीवर आडवं पडलेलं असायचं. यात देव नव्हता, नवस नव्हता, मंत्र नव्हता. हात आणि एरंडेल तेल. म्हणून आमच्या घरात त्याला मज्जाव नव्हता. देव सोडलेल्या माणसांनी बेंबी कशाला सोडावी? यशवंतरावांनाही हायसं वाटलं. मीही कुरकुर न करता सतरंजीवर पडले, लहानपणी माझीही बेंबी बसवली होतीच की.

आत्याबाईंनी अंगठा बेंबीवर ठेवला, डोळे मिटले. "धडधड डावीकडं पळालीय," म्हणाल्या. आणि दोन्ही अंगठे माझ्या डाव्या बरगडीखाली खोल रोवून त्या मधोमध ओढू लागल्या.

जे आलं त्याला झटका म्हणू नये. कानांत स्फोट झाल्यासारखं झालं. मी ओरडले असेन, पण मला ऐकू आलं नाही. आत्याबाईंना वाटलं, जागेवर येताना दुखतंच. त्यांनी आणखी जोर लावला. सगळं अंग त्या बाईनं माझ्यावर टाकलं. मी त्यांना लाथेनं ढकललं, त्यांची पाठ भिंतीवर आपटली, तेलाची वाटी उडाली. मग नाकातून रक्ताची धार सुटली, ओकारी झाली आणि डोळ्यांपुढचा उजेड गेला. डोळे उघडे असून मला काही दिसत नव्हतं. मी सुजाताचं नाव घेत होते असं नंतर कळलं. दिसत नव्हती ती आणि दिसणारही नाही, एवढंच मला समजत होतं.

खोटं आणि खरं

लातूरच्या दवाखान्यात पारा चढतच गेला. डॉक्टरांनी विचारलं, "काय करत होत्या?" नव्या जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून, यशवंतरावांना बेंबीचं सांगायची लाज वाटली. म्हणाले, "काही नाही, पडून होती." डॉक्टर चांगले होते. छाती घोड्यासारखी उधळलेली पाहून त्यांनी छाती शांत करायची गोळी दिली. छाती खरंच मंदावली, पण डोकं आधीपेक्षा जास्त फुटायला लागलं आणि पारा आणखी वर गेला. ते घाबरले, आणि घाबरल्याचं लपवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला जीपमध्ये घालून नांदेडला पाठवलं. वाटेत मला पुन्हा दिसू लागलं.

नांदेडचे डॉक्टर ठेंगणे, तुसडे गृहस्थ होते. माझं पोरीला कडेवर घेण्याचं वाक्य मी त्यांनाही ऐकवलं. मग त्यांनीही तेच विचारलं आणि यशवंतराव तेच बोलले. तेव्हा मागे उभ्या असलेल्या आत्याबाई पुढे आल्या. त्याही लातूरपासून जीपमधून आल्या होत्या.

"लबाड बोलून राहिला त्यो. मी दाबलं."

"काय दाबलं?"

"पोट. बेंबी बसवाया. हितं." आणि त्यांनी स्वतःच्या डाव्या बरगडीखाली दोन अंगठे रोवून दाखवले. "जसं दाबलं तशी ही मराया लागली. मी आणिक दाबलं."

डॉक्टर माझ्या पोटाकडे येत होते, ते जागच्या जागी थांबले. हात मागे घेतला. मग मला विचारलं, "पोर कुठल्या कडेवर घेतेस?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "डाव्या," आणि हमसून हमसून रडायला लागले. माझं ते वेडं वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानलं होतं.

ते सिस्टरला म्हणाले, "यापुढे हिच्या पोटाला कुणी हात लावायचा नाही. मीही नाही." सिस्टरनं पुठ्ठ्यावर तसं लिहून माझ्या खाटेला टांगलं. येणारे जाणारे ते वाचून मला दिवस गेलेत असं समजायचे आणि मुलगा होऊ दे म्हणायचे.

कळश्यांची गोष्ट

आजार काय आहे हे त्यांनी मला समजेल असं सांगितलं, ते इथं मांडते. कुत्रं मागं लागलं की छाती धडधडते, अंगात बळ येतं. तो रस ही ग्रंथी सोडते. निरोगी ग्रंथी वरून हुकूम आल्याशिवाय रस सोडत नाही. गाठीला हुकूम लागत नाही. तिला धक्का पुरतो. माझ्यामागे कुत्रं नव्हतंच, मी पोरीला कडेवर घेत होते आणि माझं अंग मला वाघ दाखवत होतं.

मी विचारलं, "मग छातीची गोळी घेऊन जास्त का झालं?"

ते म्हणाले, "तुमच्याकडं टँकर येतो ना? पाणी कुणाला मिळतं?"

"ज्याच्या हातात कळशी आहे त्याला."

"तसंच. रस रक्तातून सगळीकडे फिरतो, पण लागतो तिथंच, जिथं त्याला धरून घेणारी कळशी आहे. आम्ही तिला रिसेप्टर म्हणतो. एक जात छातीत जास्त, दुसरी रक्ताच्या नळ्यांत. छातीच्या कळश्या आधी पालथ्या घातल्या, नळ्यांच्या तशाच उघड्या राहिल्या. नळ्या आवळतच गेल्या. आधी नळ्यांच्या पालथ्या घालायच्या, छातीच्या नंतर. गाठ काढायची ती त्यानंतरच. आत्ता चाकू लावला तर टेबलावरच जाशील."

एवढं स्पष्ट बोलणारा डॉक्टर प्रत्येकाला मिळो. मला भीती वाटली, पण ती माझी स्वतःची, धड माणसाची भीती होती. गाठीनं घातलेली नव्हती.

खाटेवर

नव्या गोळ्यांनी नळ्या सैल पडल्या. उठून उभं राहिलं की जमीन निसटायची, नाक चोंदायचं. सैल झालेल्या नळ्या भरायला हव्यात म्हणून डॉक्टरांनी मीठ आणि पाणी सांगितलं. भरपूर पाणी, दिवसभर. त्या दुष्काळात पोटभर पाणी औषध म्हणून मिळालेली मराठवाड्यातली मी एकटीच बाई असेन. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, पण ते पुढच्यांसाठी. दवाखान्याचे नळ माझ्या लातूरच्या तोटीचेच भाऊ होते.

सुजाताला माझ्या माहेरी ठेवलं होतं. पाणी आत्याबाई आणायच्या. लांबच्या हापशावरून, कळशी कडेवर. आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एकदा त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पुसायला हात पुढे केला, तर मी म्हणाले, "त्या हातानं मला शिवलात तर हात तोडीन." सगळ्या वॉर्डानं ऐकलं. त्यांनी हात पदरात घेतला, कळशी उचलली आणि परत हापशाला गेल्या. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मरता मरता वाचलेल्या माणसाला राग येतो. आजाऱ्याच्या रागाला घरच्यांनी घाबरू नये, आणि आजाऱ्यानंही.

पण पाणी मी प्यायचे. एकदा त्या कोपर सोललेलं, पोलकं फाटलेलं अशा आल्या. हापशावर मारामारी झाली होती. कळशी मात्र काठोकाठ भरलेली. पेला भरून स्टुलावर ठेवला आणि जमिनीवर बसल्या.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "गावात समद्याच्या बेंब्या मी बसवल्या. पोरं, गरवार बाया, म्हातारे. एकजन मेला न्हाई." मग आपल्या अंगठ्यांकडे बघून, "कुनाला तरी मारलं असन का गं मी?"

मी पेला उचलला आणि प्यायले.

कॅन

गाठीची खात्री करायला लघवीची तपासणी हवी होती. ती नांदेडला होत नव्हती. पूर्ण दिवसाची लघवी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची, ती टिकावी म्हणून आत तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, घालायचं आणि कॅन हैदराबादला पोचवायचा. यशवंतराव तो घेऊन पॅसेंजरमध्ये बसले. पुढचं त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही गायब होती.

डब्यात मुंगी शिरायला जागा नाही, उन्हाचा तडाखा, आणि हे मांडीवर भरलेला कॅन घट्ट धरून बसलेले. सगळ्यांच्या नजरा कॅनवर. धर्माबादला मिरचीच्या पोत्यांसकट आणखी माणसं चढली, सगळा डबा शिंकून शिंकून कोरडा पडला. एकानं मागितलं, "भाऊ, घोटभर पानी द्या."

"पाणी नाही ते."

"मंग काय दूध हाय?"

यांनी कॅन आणखी घट्ट धरला. बायकोचं मूत आहे असं भर डब्यात कसं सांगणार? डबा तापला. लोक म्हणाले, दुष्काळात पाणी लपवतो, कसला माणूस आहेस. एका दांडग्यानं कॅन हिसकावला, बूच काढलं आणि तोंडाला लावायला वर उचलला. आत तेजाब. यशवंतरावांनी उठून त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. कचेरीत शाईची दौतही हळू ठेवणारा हा माणूस. मग चौघांनी मिळून यांना तुडवलं, आणि हे कॅनवर पालथे पडून लाथा खात राहिले. शेवटी खालून ओरडले, "मूत हाय रे ते. माझ्या बायकोचं मूत हाय. मरतीय ती."

लाथा थांबल्या. ज्याला ठोसा बसला होता त्यानं बूच शोधून आणून दिलं आणि हैदराबादपर्यंत कॅनला स्वतःची जागा दिली.

हे ऐकून मी इतकी हसले, की झटका येईल या भीतीनं सिस्टर धावत आली. मग मी त्यांच्या हातावरचा माझ्या दातांचा वण पाहिला. तोंडात बसलेली ती चपराक मी विसरलेले नाही. पण लाथा खाऊन कॅन सांभाळणारा माणूसही तोच होता, आणि मला दोन्ही लक्षात ठेवायचे आहेत.

टेबल

निकाल आला, गाठीचंच काम होतं. गोळ्या अंगात पुरेशा भिनल्यावर शस्त्रक्रिया हैदराबादला झाली. आत्याबाई सुजाताला घेऊन लातूरला परतल्या होत्या. माझ्या बाजूला वडील आणि यशवंतराव. टेबलावर नेताना मी एकच गोष्ट मागितली, "मी गेले तर पोरीला सांगा, माय टाकत नव्हती." यशवंतरावांनी मान फिरवली. वडील म्हणाले, "तू येऊन सांग."

सर्जन नंतर म्हणाले, गाठीला बोट लागलं तसा पारा उसळला, आणि गाठीची शीर बांधली तसा तो धाडकन खाली आला. तेवढ्या वेळात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काय झुंज दिली असेल ती त्यांनाच ठाऊक. मला दाखवायला ती गाठ बरणीत आणली होती. चिकूएवढी, तशाच रंगाची. मी तिला शिवी दिली. आईवरून. सर्जन हसले आणि म्हणाले, बहुतेक सगळेच देतात.

टाकणं

लातूरला परतले तेव्हा टाके वाळले होते. अजून पाऊस नव्हता. सुजाता ओसरीवर चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. मला पाहून तिनं खेळ थांबवला नाही.

तिनं बाहुली डाव्या कडेवर घेतली. थोपटलं. मग डोळे फिरवले, अंग थरथरवलं आणि बाहुली दाणकन जमिनीवर आपटली. लगेच स्वतःच्या गालावर एक चापट मारली. मग बाहुली उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. असा तिचा खेळ झाला होता. आम्ही दोघं नवरा-बायको दारात उभे राहून बघत होतो. यशवंतराव खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

डॉक्टरांनी जड उचलायला काही काळ बंदी केली होती, ती मी पाळली. ती संपली तेव्हा मला कळलं की मी बंदीच्या आडोशाला लपत होते. गाठ गेली होती, पण कुशीला काही लागलं की मी अजूनही श्वास धरायचे. आणि पोर जवळ येत नव्हती.

एका सकाळी टँकरचा भोंगा वाजला. आत्याबाई कळशी घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या, कळशी खाली ठेवली आणि सुजाताला काखेत धरून उचललं. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "घे."

"आत्याबाई, नको."

"घे म्हनते ना. मीच सांगितलं व्हतं तिला जाऊ नको म्हनून. आता मीच देती." आणि त्यांनी पोरीला माझ्या डाव्या कडेवर बसवलं. मग क्षणभर थांबून विचारलं, "हात लावू का?"

मी मान डोलावली. त्यांनी आपला तळहात माझ्या कुशीवर, टाक्यांच्या वणावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो आणि वाट बघत राहिलो. छातीत लाथा आल्या नाहीत. डोकं फुटलं नाही. माझी छाती धडधडत होती, पण ती पोरीला घेतलेल्या कुणाही आईची धडधडेल तेवढीच.

सुजातानं डोळे गच्च मिटले होते. दोन्ही मुठींत माझं पोलकं आवळलं होतं, मान खांद्यात खेचली होती. रडत नव्हती, हलत नव्हती. बराच वेळ असा गेल्यावर तिनं एक डोळा किलकिला उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"माय, कवा टाकतीस?"

आत्याबाई कळशी उचलून रस्त्याला लागल्या. मी पोरीला घेऊन त्यांच्या मागे निघाले. रांग लांब होती. हात भरून आला, खांदा दुखायला लागला, गोदाबाईंनी पोरीला धरू का म्हणून विचारलं. मी कुणाकडे दिलं नाही. टँकर रिकामा होऊन निघून गेला तेव्हा तिची मूठ सैल झाली होती आणि ती माझ्या खांद्यावर झोपली होती.